निकामी बोअरमध्ये मूल अडकले तर सुटकेला एवढा वेळ का लागतो, आणि पथक येईपर्यंत गावाने काय करावे?

प्रश्न : संत्राबागवाल्यांचा धाकटा (नागपूर)

नमस्कार. मी नोकरीनिमित्त नागपुरात राहतो. काटोल तालुक्यातली आमची संत्र्याची बाग मोठे भाऊ पाहतात. मागच्या उन्हाळ्यात बाग जगवण्यासाठी आम्ही साडेसहा इंची बोअर मारली. सहाशे फुटांपर्यंत गेलो, पण धुरळ्याशिवाय काही निघाले नाही. बोअर फेल गेली तर केसिंग पाईपचे पैसे लागणार नाहीत असे बोलणे झालेले असल्यामुळे ठेकेदाराने पाईप उपसून नेला, तोंडावर एक पोते आणि त्यावर दगड ठेवला आणि गाडी पुढच्या वावरात निघून गेली. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा पोते कुजून आत पडलेले होते आणि माझा चार वर्षांचा पुतण्या त्या तोंडापासून दहा पावलांवर बकरीच्या पिलामागे धावत होता. भावाने लगेच लोखंडी घमेले पालथे घालून वर दगड रचले, परंतु त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढून ते दृश्य हलत नाही.

अशा घटनांच्या बातम्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. चार-चार दिवस यंत्रे चालतात आणि बहुधा शेवट वाईट होतो. मूल जर पंधरा-वीस फुटांवरच अडकलेले असेल तर त्याला दोराने वर का घेता येत नाही? शेजारी खड्डा खणायला इतका वेळ का लागतो? आणि आमच्यासारख्या गावात पथक पोहोचेपर्यंत दोन-तीन तास सहज जातील, त्या वेळात आम्ही काय करावे आणि काय करू नये? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : निवृत्त खाण अभियंता (नागपूर)

मी सावनेर-सिल्लेवाडा पट्ट्यातल्या भूमिगत कोळसा खाणींत आयुष्य घालवले आहे. अरुंद जागेत अडकलेल्या माणसापर्यंत पोहोचणे हा आमच्या कामाचाच भाग होता, म्हणून लिहितो.

पहिल्यांदा मूल नेमके कुठे अडकते ते समजून घ्या. आपल्या पश्चिम भागात, म्हणजे काटोल, कळमेश्वर, नरखेडकडे, वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक आहे. वरची माती आणि मुरूम ढासळू नये म्हणून तेवढ्याच उंचीत केसिंग पाईप घालतात आणि तो बसावा म्हणून वरचे छिद्र खालच्यापेक्षा मोठे पाडतात. खडक लागला की पाईप संपतो आणि छिद्र साडेसहा इंचांचे होते. पाईप उपसला की वर आठ-नऊ इंचांचे उघडे भोक उरते, त्याच्या कडा पावसाने ढासळून ते नरसाळ्यासारखे रुंद होत जाते आणि खाली खडकाशी एक पायरी तयार होते. हात वर गेलेले लहान मूल या पायरीपाशी अडकण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे आपल्या बोअरला केसिंग किती फूट होते हा आकडा आजच भावाकडून लिहून घ्या. दुर्दैवाने कधी प्रसंग आलाच तर पथकाला सर्वांत आधी तोच लागेल.

आता दोराचा प्रश्न. मूल वर येत नाही ते वजनामुळे नव्हे. खांदे, वर गेलेले हात आणि भोवती साचलेली माती यांनी ते पाचरीसारखे बसलेले असते. ओढल्यावर पाचर घट्ट होते, आणि सुटलीच तर मूल वर न येता खाली जाण्याचा धोका अधिक असतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ दोन वर्षांचा मुलगा सुरुवातीला तीसेक फुटांच्या आत होता. प्रयत्न सुरू असतानाच तो सुमारे ८८ फुटांपर्यंत घसरला आणि चौथ्या दिवशी त्याचा मृतदेहच हाती आला. इटलीत रोमजवळ व्हर्मिचिनो येथे जून १९८१ मध्ये सहा वर्षांचा मुलगा जेमतेम ३० सेंटिमीटर रुंदीच्या विहिरीत सुमारे ३६ मीटरवर अडकला होता. त्याला धरायला मिळावी म्हणून दोरांना बांधलेली एक फळी घाईने आत सोडली गेली. ती वाटेतच अडकली आणि वरून पोहोचण्याचा एकमेव मार्ग बंद झाला. मग शेजारी छिद्र पाडण्याचे काम सुरू झाले, त्यात तो मुलगा ६० मीटरच्या आसपास घसरला. एका किरकोळ अंगाच्या स्वयंसेवकाला डोके खाली करून त्याच्यापर्यंत उतरवण्यात आले, त्याचा हात मुलाला लागलाही, पण पट्टा बसला नाही. इतक्या वर्षांपूर्वीच्या आणि इतक्या दूरच्या या घटनेवर मी मुद्दाम थांबलो, कारण तिथे झालेली फळीची चूक आपल्याकडे काठी, बांबू, हूक आणि फासा यांच्या रूपाने पुन्हा पुन्हा होते.

वरून काढण्याची यंत्रे नाहीत असे नाही. मदुराईच्या एका तंत्रज्ञाने तयार केलेल्या यंत्रमानवी हातांनी एप्रिल २०१४ मध्ये तमिळनाडूतच शंकरनकोविलजवळ तीन वर्षांच्या मुलाला जिवंत वर आणले होते. परंतु अशा साधनासाठी भोकात मूल आणि भिंत यांच्यामध्ये थोडी तरी फट लागते आणि हात सरावाचा लागतो. म्हणून बहुतेक ठिकाणी अखेर शेजारी खड्डा आणि तिथून आडवा बोगदा हाच मार्ग घ्यावा लागतो.

तो मार्ग सोपा दिसतो, पण हिशेब करून पाहा. काळ्या मातीत आणि मुरमात भिंत उभी कापली तर ती कधीही कोसळते, म्हणून उतार द्यावा लागतो. तीस फूट खोल जायचे आणि फुटाला फूट उतार ठेवायचा तर तळाशी कामापुरती जागा धरून खड्ड्याचे वरचे तोंड सत्तर फुटांच्या घरात जाते. तेवढी माती पोकलेनने काढायला काही तास पुरतात. त्यानंतर काळा खडक लागला की गती इंचांवर येते. सुरुंग लावता येत नाही, कारण हादऱ्याने मूल घसरेल किंवा त्याच्यावर माती पडेल. मोठा ब्रेकरही शेवटच्या काही फुटांत थांबवावा लागतो आणि छिन्नी, हातोडी व हातातल्या लहान यंत्रांनी, दहा-पंधरा मिनिटांनी माणसे बदलत, पुढे जावे लागते. बोगदा मुलाच्या किंचित खालच्या पातळीवर नेतात, म्हणजे शेवटची भिंत फुटताच खालून त्याला आधार देता येतो. दिशा दोन फुटांनी जरी चुकली तरी अर्धा दिवस वाया जातो. अमेरिकेत टेक्सासमधील मिडलंड येथे ऑक्टोबर १९८७ मध्ये दीड वर्षाची मुलगी अवघ्या २२ फुटांवर, आठ इंची छिद्रात होती. तिला जिवंत काढायला ५८ तास लागले, कारण मधला खडक साध्या यंत्रांना दाद देत नव्हता आणि शेवटी पाण्याच्या अतिउच्च दाबाच्या धारेने तो कापावा लागला.

हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात जुलै २००६ मध्ये पाच वर्षांच्या मुलाला लष्कराने दोन दिवसांनी जिवंत काढले, त्यात जवळच असलेल्या एका जुन्या विहिरीचा मोठा वाटा होता. उभा खड्डा आयता मिळाला आणि बोगदा तेवढा खणावा लागला. आपल्या बोअरजवळ जुनी विहीर असेल तर तेही लक्षात ठेवा.

एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. अशा बोगद्यात कडांना टेकू देणे, छताचा आवाज ऐकून अंदाज घेणे आणि आत शिरण्याआधी प्राणवायू मोजणे ही खाणकामगारांची रोजची कामे आहेत. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरले, तेव्हा वरून छिद्र पाडून त्यातून पोलादी कॅप्सूल सोडून ६५ कामगारांना एकेक करून वर आणले होते. वेकोलिचे (वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचे) मुख्यालय नागपुरात आहे, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) अकादमीही इथेच आहे. इतके ज्ञान एका शहरात असताना जिल्हा प्रशासनाने पहिल्याच फोनबरोबर खाणीच्या बचाव पथकालाही कळवावे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर : बालरोगतज्ज्ञ (नागपूर)

वरील उत्तरात खणण्याची बाजू आली आहे, मी मुलाच्या शरीराची बाजू सांगते.

पहिला शत्रू हवा आहे. बंद, अरुंद जागेत श्वासातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड तिथेच साचतो. म्हणून पातळ नळीतून सतत, सौम्य प्रवाहाने प्राणवायू सोडणे हे पहिले वैद्यकीय काम असते. नळीचे टोक मुलाच्या चेहऱ्याजवळ पोहोचले पाहिजे, पण ते अंगात खुपता कामा नये. सुरुवातीला १०८ च्या रुग्णवाहिकेतला सिलिंडर उपयोगी पडतो. डिझेल कॉम्प्रेसरची हवा मात्र कधीही सोडू नये, आणि जनरेटर, जेसीबी किंवा मोटारसायकल तोंडाजवळ सुरू ठेवू नये, कारण त्यांचा धूर आत उतरतो.

दुसरी बाब अडकण्याच्या स्थितीची. छाती सगळीकडून दाबलेली असेल तर हवा असूनही श्वास पुरेसा घेता येत नाही. मूल डोके खाली अशा स्थितीत असेल तर वेळ आणखी कमी असतो. तरीही कर्नाटकात विजयपूर जिल्ह्यातील लच्याण येथे एप्रिल २०२४ मध्ये उलट्या अडकलेल्या दोन वर्षांच्या मुलाला सुमारे २० तासांनी जिवंत बाहेर काढण्यात आले. तो सुमारे सोळा फुटांवर होता आणि पथकाने लगेच शेजारी खणायला घेतले होते. हे मी यासाठी सांगते की बारा तास झाले म्हणून कोणीही मनातून हार मानू नये.

खाणेपिणे वरून टाकू नये. नातेवाइकांना राहवत नाही हे मी समजू शकते, पण बिस्किटाचा तुकडा किंवा पाण्याची धार श्वासनलिकेत गेली तर आपणच त्याचा जीव धोक्यात घालतो. मूल शुद्धीवर आहे, डोके वर आहे आणि ते गिळू शकते हे कॅमेऱ्यात दिसल्यानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली नळीने थोडे द्रव देता येते. आईचा किंवा ओळखीच्या एकाच माणसाचा शांत आवाज मात्र सतत जायला हवा. रडून आणि धडपडून मूल थकते आणि खालीही सरकते. “हलू नकोस, आम्ही इथेच आहोत” एवढेच, पुन्हा पुन्हा. आईला ते शक्य नसेल तर आजीने किंवा काकाने ते करावे. आईला भोकापाशी बसण्याचा आग्रह करू नये.

सर्वांत दुर्लक्षित भाग सुटकेच्या क्षणाचा आहे. अनेक तास दाबल्या गेलेल्या स्नायूंमध्ये पोटॅशियम आणि इतर घातक द्रव्ये साचतात, आणि दाब सुटताच ती एकदम रक्तात येऊन हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून बोगद्यातून हात पोहोचला की शक्य तर आधी शिरेतून सलाइन सुरू करावे, मानेला आधार द्यावा, अंग गरम पांघरुणात घ्यावे, डोळ्यांवर उजेड पडू देऊ नये आणि मग हलवावे. टेक्सासच्या त्या मुलीचा एक पाय अखेरपर्यंत डोक्याकडे वर मुडपून राहिल्यामुळे रक्तपुरवठा तुटला आणि नंतर पायाचे बोट काढावे लागले. तिचा जीव वाचला, ही त्या पथकाची कमाई. बाहेर आलेल्या मुलाला हातोहात गर्दीतून मिरवत नेणे आणि कॅमेऱ्यांपुढे थांबवणे हे मला सहन होत नाही. त्याने थेट रुग्णवाहिकेत आणि तिथून शासकीय मेडिकल कॉलेज किंवा एम्ससारख्या अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच गेले पाहिजे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. भावाला फोन केला. केसिंग चाळीस फुटांचे होते. म्हणजे मूल चाळीस फुटांवर अडकू शकते, हे आकड्यात ऐकल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. पहिल्या तासाबद्दल आणि बोअर कायमची बुजवण्याबद्दल कोणी प्रत्यक्ष अनुभवातून सांगू शकेल काय?

उत्तर : नरखेडचा बागायतदार

दादा, आमच्या शिवारात तुमच्या-आमच्यासारख्या फेल गेलेल्या बोअर पुष्कळ आहेत. संत्र्याने पाणी मागितले की आपण पाणाड्याला नारळ देतो आणि खोल खोल जात राहतो. कोरड्या गेलेल्या भोकाचा हिशेब कोणी ठेवत नाही. ग्रामपंचायतीत असताना आम्ही आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला गेलो होतो, तिथे शिकवलेले आणि नंतर स्वतः केलेले असे दोन्ही लिहितो.

पहिल्या मिनिटाला ११२ वर फोन करावा आणि त्यापाठोपाठ जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर. सांगताना गाव, गट क्रमांक, बोअरचा व्यास, एकूण खोली, केसिंग, मुलाचे वय आणि आवाज येतो की नाही एवढे सांगावे, कारण कोणते साहित्य घेऊन निघायचे ते यावरून ठरते. एक माणूस डांबरी रस्त्यावर उभा करावा. रात्री वावरातल्या बोअरपर्यंतची वाट बाहेरच्याला सापडत नाही. तोंडाभोवतीची सैल माती हाताने, बाहेरच्या बाजूला ओढून काढावी आणि जवळ बसायचेच असेल तर फळ्या टाकून त्यावर बसावे. बाकी सर्वांनी निदान पन्नास फूट मागे राहावे. हौसेने आणलेला जेसीबी तोंडाजवळ चालवू देऊ नये. खड्डा कुठे आणि किती अंतरावर घ्यायचा हे पथक ठरवेल. तोपर्यंत जेसीबीने वाट मोकळी करावी.

पंपांबद्दल एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. मोटारी बंद करा असे कोणीतरी ओरडतो. छत्तीसगडमध्ये जांजगीर-चांपा जिल्ह्यात जून २०२२ मध्ये ऐकू-बोलू न शकणारा अकरा वर्षांचा मुलगा साठ-पासष्ट फुटांवर अडकला होता, आणि बोअरमध्ये पाणी झिरपत होते. तेव्हा पातळी वाढू नये म्हणून गावातल्या बोअरचे पंप बंद न करता सुरूच ठेवण्यात आले. त्याला हाका ऐकू येत नव्हत्या, मधला खडक कठीण होता, तरी १०४ तासांनंतर तो जिवंत बाहेर आला. म्हणून बोअरमध्ये पाणी असेल तर शेजारचे पंप चालू ठेवावेत आणि थ्री-फेज जाऊ देऊ नये म्हणून महावितरणला तातडीने कळवावे.

आपल्या राज्यातलेही दोन प्रसंग सांगतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये आंबेगाव तालुक्यातील थोरांदळे येथे सहा वर्षांचा मुलगा दोनशे फुटी बोअरमध्ये दहाएक फुटांवर अडकला आणि सुमारे सोळा तासांनी सुखरूप निघाला. मार्च २०२३ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डीत ऊसतोड मजुराचा पाच वर्षांचा मुलगा सुमारे पंधरा फुटांवरच होता, पण तो वाचला नाही. खोली एवढीशी असूनही हे घडते. दोन्ही ठिकाणी बोअर नुसती झाकलेली असती, तर पथकाला निघावेच लागले नसते.

आता बुजवण्याचे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०१० रोजी याविषयी आदेश दिले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यात सुधारणा केली. बोअर घेण्याच्या पंधरा दिवस आधी लेखी कळवणे, बोअर घेणाऱ्या संस्थेची नोंदणी, काम सुरू असताना फलक आणि काटेरी तारेचे कुंपण, केसिंगभोवती ०.५० × ०.५० × ०.६० मीटरचा काँक्रीटचा ओटा, तोंडावर पोलादी झाकण वेल्डिंगने किंवा नट-बोल्टने घट्ट बसवणे, मोटर दुरुस्तीला काढली तरी तोंड उघडे न ठेवणे, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरून तसा दाखला घेणे, हे सगळे त्यात आहे. गावात सरपंच आणि कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांनी यावर लक्ष ठेवायचे आहे. तुमच्या ठेकेदाराने पोते ठेवले, म्हणजे यातले काहीच केले नाही. पण जमीन आपली आहे, त्यामुळे वाट न पाहता आपणच करावे.

खर्चाला घाबरू नका. साडेसहा इंची, सहाशे फुटी बोअरचे आकारमान साधारण १४० घनफूट होते, म्हणजे दीड ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आत. वरचे रुंद झालेले तोंड धरले तरी ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉली मुरूम पुरतो. मात्र घाईने मोठे दगड ढकलू नका. आमच्या पहिल्या बोअरला आम्ही तेच केले. दगड साठेक फुटांवर अडकले, वरून भरल्यासारखी दिसली आणि दुसऱ्या पावसाळ्यात ती पुरुषभर खचली. सुदैवाने तिथे तेव्हा फक्त वखर उभा होता. पुन्हा करताना मुरूम चाळून घेतला, फावड्याने थोडा थोडा टाकला आणि मधूनमधून पाणी सोडले. वरचे दहा फूट चिकण मातीने ठोकून भरले, सर्वांत वर काँक्रीटचा ओटा केला आणि त्यावर तारीख कोरली. दोन पावसाळे गेले की खचली का ते पाहावे.

चालू बोअरलाही झाकण हवे. मोटर काढून दुरुस्तीला नेली की चार-आठ दिवस तोंड उघडे राहते, आणि तेवढ्या दिवसांत वावरात मजुरांची पोरे असतात. मजुराचे मूल वावरात नवे असते, त्याला भोक कुठे आहे हे माहीत नसते. आपल्या घरच्या पोरांना आपण दाखवतो तरी.

प्रश्नकर्ता

भाऊ म्हणाले, चाळणी शेजाऱ्यांकडे आहे आणि मुरूम बुधवारी येतो आहे. तोपर्यंत घमेल्याच्या जागी गॅरेजमधून पोलादी पत्रा कापून आणला आहे आणि बाभळीचे काटे टाकून भोवती वाट बंद केली आहे. बागेच्या पलीकडच्या धुऱ्याला आणखी एक उघडी बोअर आहे, हे या निमित्ताने शिवार फिरताना कळले. तिचे मालक बाहेरगावी राहतात आणि फोन उचलत नाहीत. सरपंचांना आज लेखी अर्ज दिला असून त्याची पोच घेतली आहे. मालकाची परवानगी येईपर्यंत त्या तोंडावर आम्ही पत्रा ठोकला तर त्यात काही अडचण येईल काय? नरखेडच्या काकांनी किंवा कायदा जाणणाऱ्या कोणी सांगितले तर बुधवारीच ते काम करून टाकू. पत्र्याचे दोन तुकडे कापून ठेवले आहेत.

उत्तर : नरखेडचा बागायतदार

पत्रा ठोकून टाका. आधी दोन पंचांसमक्ष फोटो काढा, अर्जाच्या पोचेची प्रत जवळ ठेवा आणि त्यांच्या बोअरमध्ये काही टाकू नका, फक्त तोंड बंद करा. भरण्याचा निर्णय मालकाचा आणि ग्रामपंचायतीचा आहे, पण झाकण लावायला बुधवारपर्यंत थांबू नका. आज संध्याकाळीच लावा.